हाफ क्लच

सल्ला द्यायचा तर त्या विषयाची माहिती असावी लागते, असा एक गैरसमज पुण्याबाहेर आहे. मी आयुष्यात कधी नांगर धरलेला नाही. बैलाच्या पुढून जाताना आणि मागून जाताना मी सारखाच भितो. ज्वारी कोणती आणि बाजरी कोणती, असे कोणी विचारले तर कणीस बाहेर येईपर्यंत मुदत मागतो. तरीसुद्धा दर महिन्या-दीड महिन्याने एका रविवारी स्वारगेटला सासवडची एस. टी. पकडायची, दिवे घाट चढायचा आणि आमच्या दादाला शेती कशी करावी हे सांगून संध्याकाळच्या गाडीने परत यायचे, हा माझा नेम होता. दादा म्हणजे माझा चुलतभाऊ. जमीन सामाईक, कष्ट त्याचे आणि सल्ला माझा, अशी आमची वाटणी होती. कागदावरची वाटणी मात्र कधी झाली नाही. दादा विषय काढी आणि मी म्हणे, "बघू." शेती मला करायची नव्हती आणि सोडायचीही नव्हती. 'बघू' हा शब्द मराठी भाषेत अशाच लोकांसाठी असावा.

या सामाईक मालमत्तेत १९७९ साली एका जुन्या ट्रॅक्टरची भर पडली. थोरल्या काकांना तो पसंत नव्हता. त्या लोखंडाच्या धुडाने जमीन दडपते, असे त्यांचे म्हणणे. १९०३ साली लक्ष्मणराव किर्लोस्करांनी लोखंडी नांगर काढला, तेव्हाही लोखंडाने जमीन नासते असे म्हणणारे शेतकरी होतेच. काका त्याच परंपरेतले. ट्रॅक्टर कोणत्या कंपनीचा होता हे मी मुद्दामच सांगत नाही, कारण पुढे जे घडले त्यात कंपनीचा काडीइतका दोष नव्हता.

ट्रॅक्टर आपल्याला चालवता येतो, असे माझे मत होते. या मताशी सहमत असणारे गावात दुसरे कोणी नव्हते, पण धाकटा भाऊ पुण्याहून येतो, एवढी हौस करू द्यावी, म्हणून दादा किल्ली देई. शेणखताची ट्रॉली भरली की मी ती वरच्या तुकड्यापर्यंत न्यायची. वाट चढाची, दगडगोट्यांची. मी अत्यंत सावधपणे चालवीत असे. सावधपणा हा माझा स्थायीभावच आहे. ट्रॅक्टर कधी बुजेल याचा नेम नाही, म्हणून एक हात स्टिअरिंगवर, एक हात थ्रॉटलवर आणि डावा पाय पेडलवर तयार ठेवलेला. एरवी ट्रॅक्टरवर एक अठरा-एकोणीस वर्षांचा पोरगा असे. तो बिनधास्त, दोन्ही पाय पसरून बसे. ते बघून मला वाटे, ही बेफिकिरी एक दिवस महागात पडणार.

१९८२ च्या पावसाळ्यानंतर दादाचे कार्ड आले. 'ट्रॅक्टर ओढत नाही. इंजिन बोंबलते, चाक फिरत नाही. जळका वास येतो. सवडीने येणे.' वर्णन वाचून मला प्रथम आमच्या ऑफिसची आठवण झाली. मग मी शास्त्रशुद्ध मार्ग धरला. शिवाजीनगरच्या कृषी महाविद्यालयात एक परिचित होते. त्यांच्याकरवी ट्रॅक्टरवरचे एक इंग्रजी पुस्तक चार दिवसांसाठी मिळवले. त्यात क्लचच्या रोगांचा तीन रकान्यांचा तक्ता होता. पहिल्या रकान्यात तक्रार, दुसऱ्यात कारण, तिसऱ्यात उपाय. तीन रकान्यांचा तक्ता बघितला की पुण्याच्या माणसाला जगाचा अर्थ लागल्यासारखे वाटते. मी तो वहीत उतरवून घेतला.

आता क्लच म्हणजे काय, हे दोन शब्दांत सांगायला हवे. इंजिनाला जोडलेली एक जड चकती अखंड फिरत असते, ती फ्लायव्हील. तिच्यासमोर स्प्रिंगांनी रेटलेली दुसरी, ती प्रेशर प्लेट. या दोघींच्या मध्ये, दोन तळहातांत भाकरी धरावी तशी, एक पातळ तबकडी असते. ती क्लचप्लेट. तिला दोन्ही बाजूंनी खरखरीत अस्तर असते आणि तिचा दांडा गिअरबॉक्समध्ये जातो. स्प्रिंगा दाबून धरतात, तिघी एक होऊन फिरतात आणि चाकाला जोर मिळतो. आपण पेडल दाबले की स्प्रिंगांची पकड सुटते. इंजिन एकीकडे आणि चाक दुसरीकडे. यात गंमत अशी की, पेडल दाबणे म्हणजे सोडणे आणि पेडल सोडणे म्हणजे धरणे! लोकमान्यांचे १९१५ साली प्रसिद्ध झालेले 'गीतारहस्य' पुण्यात पुष्कळांच्या कपाटात असते, तसे आमच्याही कपाटात आहे. आसक्ती आणि अनासक्ती यांचा असा उलटासुलटा हिशेब त्यात कुठेतरी असेल, असे मला तेव्हा वाटून गेले. कपाट मात्र मी उघडले नाही.

रविवारी गावी पोचलो तो हडपसरचा मिस्त्री आधीच आलेला. मी वही उघडून त्याला कारणे सांगायला सुरुवात केली. पावसाळाभर ट्रॅक्टर उभा असला की प्लेट गंजून फ्लायव्हीलला चिकटते. प्लेट वाकडी झाली असेल. पेडलची चाल फाजील वाढली असेल. उपाय : पेडल पूर्ण दाबावे, लाकडी ठोकळा लावून रात्रभर तसेच ठेवावे. मिस्त्रीने सगळे शांतपणे ऐकून घेतले आणि म्हणाला,

"साहेब, हे न सुटणाऱ्या किलचचं झालं. गिअर टाकताना खरखरतं, ते. ह्यो न धरणारा हाय."

मी घाईघाईत शेजारचा रकाना उतरवला होता. तरी त्या निमित्ताने एक मोठे सत्य हाती लागले. क्लचचे मुख्य रोग दोनच. एक न सुटण्याचा आणि एक न धरण्याचा. माणसांचेही तेच. काहींना सोडवत नाही आणि काहींना धरवत नाही. एकाचे औषध दुसऱ्याला दिले की दोघेही मरतात.

मिस्त्रीची पद्धत माझ्या तक्त्यापेक्षा सरळ होती. आधी त्याने पेडल हाताने हलवून पाहिले. पेडल लागू होण्याआधी ते जरा मोकळे हलायला हवे, साधारण इंचभर. त्याला प्ले म्हणतात. इथे प्ले जवळजवळ नव्हताच. म्हणजे कोणी पाय न ठेवताही आतली पकड थोडी सैल राहत होती. त्याने खालचा दांडा फिरवून प्ले दिला. फरक पडला, पण पुरेसा नाही. मग तो ट्रॅक्टरखाली शिरला. क्लचच्या घराला खाली एक लहान भोक असते, त्याला बोट लावून त्याने वास घेतला. सील फुटून ऑईल आत गेले तर प्लेट निसटते. बोट कोरडे निघाले. शेवटी त्याने ट्रॅक्टर वरच्या गिअरमध्ये टाकला, ब्रेक दाबून धरला आणि क्लच हळूहळू सोडला. "आता इंजिन गुदमरून बंद पडाय पायजे," तो म्हणाला. इंजिन आपले चालूच. जळका वास मात्र सुटला. मिस्त्री खाली उतरला, हात पुसले आणि दादाला म्हणाला, "दादा, दोन तुकडे करायला लागतील."

दादाने माझ्याकडे पाहिले. आमच्या घरात 'दोन तुकडे' हा शब्द जपून वापरला जाई.

मोटारीला खाली सांगाडा असतो. शेतीच्या ट्रॅक्टरला बहुधा नसतो. १९१७ साली हेन्री फोर्डच्या फोर्डसनने रूढ केलेली ही रीत : इंजिन आणि गिअरबॉक्स यांची ओतीव लोखंडाची घरेच बोल्टांनी एकमेकांना जोडायची, तोच कणा. क्लच बसतो तो नेमका या सांध्यात. त्यामुळे तो पाहायचा तर ट्रॅक्टर मधोमध तोडावा लागतो. पुढच्या आसावर लाकडी पाचरी मारल्या, नाहीतर इंजिन कलंडते. जॅक आणि ठोकळे लावले, बोल्ट काढले आणि पुढचा भाग हळूहळू पुढे ढकलला. आमची सामाईक मालमत्ता अंगणात दोन ठिकाणी उभी राहिली. वहिनी ओसरीवरून म्हणाल्या, "भावजी, तुमचा अर्धा कुठला?"

प्लेट बाहेर आली. अस्तर झिजून रिव्हेटी वर आल्या होत्या. फ्लायव्हीलवर उष्णतेचे निळसर डाग. मिस्त्रीने फुंकर मारून धूळ उडवली. त्या काळी अस्तरात ॲस्बेस्टॉस असे आणि ती धूळ फुप्फुसाला किती घातक हे आज आपल्याला माहीत आहे, तेव्हा कोणी ती फुंकर मारू नये. फुंकर मारून तो जे बोलला ते मात्र अजून माझ्या कानांत आहे.

"ही पलाट कामानं गेली न्हाई. पायानं गेली."

"म्हणजे?" दादाने विचारले.

"नांगर वढताना प्लेट घट्ट असती, घासत न्हाई. पूर्ण सोडली तरी घासत न्हाई. पर पेडलवर नुसता पाय टेकवून ठिवला ना, की ना धड धरती, ना धड सोडती. निस्ती घासत बसती. असा पाय ठिऊन कोन चालवतो?"

सगळ्यांनी त्या पोराकडे पाहिले. ट्रॅक्टर तोच चालवी. पोराने एकदा माझ्याकडे पाहिले. अगदी क्षणभर. मग जमिनीकडे बघत म्हणाला, "आसंल माझ्याकडनंच."

आणि मी काय केले? मी वही चाळली. तक्रार, कारण, उपाय. तक्त्यात चौथा रकाना नव्हता. 'कोणामुळे' हा तो रकाना. पुस्तक लिहिणारा साहेब मोठा समंजस असला पाहिजे.

वाचकहो, मी खोटे बोललो नाही. ही गोष्ट मी त्या रात्री एस. टी.त स्वतःला दहादा सांगितली. मला कोणी विचारलेच नव्हते. शिवाय मी म्हणालो होतो, "दादा, प्लेटचा खर्च माझा." माझ्या पगाराचा चांगला चतकोर त्यात जाणार होता. म्हणजे नुकसान मीच भरून देत होतो. केले त्याने भरावे, असा न्याय आहे ना? मी भरतच होतो. 'केले' एवढेच काय ते सांगायचे राहिले होते.

दुसऱ्या दिवशी ऑफिस सुटल्यावर नाना पेठेत गेलो. जुन्या गाडीचा कुठलाही भाग मागावा आणि दुकानदाराने तो अंधारातून काढून द्यावा, अशी ती पेठ. प्लेट घेतली, वर्तमानपत्रात गुंडाळली आणि गावच्या माणसाबरोबर पाठवून दिली. आमच्या हिने शेजारणीला सांगितले, "यांचं भावावर फार प्रेम." आठवड्याने वहिनींनी अंजिरांची करंडी पाठवली. पुरंदरची अंजिरे तुम्ही खाल्ली असतील. त्या वर्षी ती माझ्या घशाखाली उतरेनात.

पुढच्या खेपेला गेलो तर ट्रॅक्टरवर दुसराच कोणी. पोरगा बायकांच्या रांगेत खुरपत होता. "त्याला खाली उतरवला," दादा म्हणाला. "प्लेट तू दिलीस, पण मिस्त्रीची मजुरी होतीच की. ती आठवड्याला थोडी थोडी कापून घेतोय. त्याशिवाय अक्कल येत नाही." म्हणजे माझे पैसे क्लचपर्यंत पोचले होते, पोरापर्यंत पोचले नव्हते.

मी पुन्हा काही बोललो नाही. पुस्तकाची मुदत केव्हाच संपली होती, पण पुण्यात आल्यावर मी त्यातला ट्रॅक्टरच्या इतिहासाचा भाग वाचायला घेतला. ज्याला वर्तमानाची भीती वाटते तो इतिहास वाचतो, हे पुण्यात राहून मी शिकलो आहे. त्यातून हॅरी फर्ग्युसनची ओळख झाली आणि पुढे मी त्याच्याविषयी आणखी मिळवून वाचले. हा आयर्लंडचा माणूस. नांगर ट्रॅक्टरला तीन सांध्यांनी जोडून हायड्रॉलिकने उचलण्याची त्याची युक्ती आज जगभर चालते. १९३८ साली तो अमेरिकेत हेन्री फोर्डला भेटला आणि दोघांनी एका प्रचंड धंद्याचा करार केला तो नुसता हातात हात देऊन. कागद नाही, सही नाही. पुढे फोर्डच्या नातवाच्या हाती कारभार आल्यावर कंपनीने तो व्यवहार मोडला. फर्ग्युसन कोर्टात गेला आणि १९५२ साली तडजोडीत त्याला ९२ लाख ५० हजार डॉलर मिळाले. वाचून मला वाटले, म्हातारा फोर्ड हात द्यायचा तर पुरता देत होता. नातवाने पुरता काढून घेतला. तो बरा नाही वागला, पण निदान उघड वागला. समोरच्याला कोर्टात जाता आले. मी मात्र हात दिलाही नव्हता आणि काढूनही घेतला नव्हता. माझ्याविरुद्ध तो पोरगा कुठल्या कोर्टात जाणार?

आपण वाईट माणसे नसतो, हीच खरी अडचण असते. पुरता वाईट माणूस पेडल खालपर्यंत दाबतो. "मी नाही केलं, जा" म्हणतो आणि झोपी जातो. पुरता चांगला माणूस पाय काढून घेतो. "मीच केलं" म्हणतो आणि तोही झोपतो. आपल्यासारखी मधली माणसे सावधपणे पाय टेकवून बसतात. पैसे देतात, पोराची विचारपूस करतात, दिवाळीला त्याला सदरा शिवू असे ठरवतात. आणि आत काहीतरी घासत राहते. मला रात्री खरोखरच जळका वास येऊ लागला. ही म्हणाली, दूध उतू गेले असेल.

तिसऱ्या रविवारी मी घाट चढलो तो ठरवूनच. ओसरीवर दादा, वहिनी, दोन शेजारी बसलेले. पोरगा गोठ्यापाशी. मी एका दमात सांगून टाकले, "दादा, ती प्लेट मी जाळली."

क्षणभर शांतता. आणि मग दादा जो हसला! "तू? अरे, जाळायला आधी चालवता यायला लागतो!" शेजारीही हसले. मग दादा गंभीर झाला आणि मायेने म्हणाला, "तुझं मन मोठं आहे, मला ठाऊक आहे. पण उगाच पोराला पाठीशी घालू नकोस."

आली का पंचाईत? खोटे न बोलता माझे नाव झाले होते आणि आता खरे बोलूनही नावच होत होते. अपराध कबूल केला की शिक्षा होते, एवढेच मला माहीत होते. तो सिद्धही करावा लागतो हे कोणी सांगितले नव्हते. मी म्हणालो, "ट्रॉली जोडा."

चढाच्या वाटेवर मी ट्रॅक्टर काढला. दादा मडगार्डवर बसला. मी ठरवले होते की पाय मुद्दाम पेडलवर ठेवून दाखवायचा. मुद्दाम ठेवावा लागलाच नाही. पहिला दगड आला आणि माझा डावा पाय आपल्या मनाने पेडलवर जाऊन बसला. तो तिथेच राहिला. वरच्या तुकड्यापर्यंत. दादा वाकून माझ्या पायाकडे पाहत होता. वर पोचल्यावर तो एवढेच म्हणाला, "उतर खाली."

आयुष्यात इतक्या आनंदाने मी कुठल्याच खुर्चीवरून उतरलो नाही.

संध्याकाळी पोराला कापलेले पैसे परत दिले. ते दादाने नाही, मी दिले, सगळ्यांसमोर. दुसऱ्या दिवसापासून ट्रॅक्टर त्याच्याकडे. त्याने पैसे मोजून खिशात घातले आणि मला सरळ विचारले, "साहेब, मग त्या दिशी का न्हाई बोललात?"

पुण्याच्या माणसाला उत्तर सुचले नाही, अशी ही माझ्या माहितीतली एकमेव घटना. 'बघत होतो', असे म्हणणार होतो. पण तो शब्द त्या दिवसापुरता माझ्या तोंडून निघेना. मीही त्याला विचारले, "तू का नाही बोललास? तुला माहीत होतं." तो म्हणाला, "माझं कोन ऐकलं आसतं?" त्यालाही माझ्याकडे उत्तर नव्हते.

त्याच रात्री मी दादाला म्हणालो, "वाटणीचे कागद करू या." यावर दादा किती वेळ गप्प होता हे मी सांगत नाही. कागद झाले. वरचा तुकडा माझ्या नावावर राहिला, बाकीचे सगळे त्याच्या. ट्रॅक्टरवरचा हक्क मी सोडला. विशेष म्हणजे, दोन तुकडे झाल्यावर आमचे पूर्वीपेक्षा बरे जमू लागले. सल्ला देणे मी अर्थातच थांबवले नाही. माणसाने एकदम किती सुधारावे यालाही मर्यादा आहे.

आता माझा नातू जी गाडी चालवतो तिला क्लचचे पेडलच नाही. तो म्हणतो, गाडी तिचे ती बघते. असेल. मी शेजारी बसतो आणि टिळक रोडच्या सिग्नलला माझा डावा पाय अजूनही काहीतरी शोधत असतो. शोधू दे. मी तो मुकाट्याने उचलून मागे घेतो.

त्या ट्रॅक्टरच्या बाबतीत मात्र एक काम माझ्याकडे आले. दादा म्हणाला, "तू पुण्याचा. निदान एक पाटी तरी लिहून दे." मी पांढऱ्या रंगाने, सुवाच्य अक्षरांत, क्लचच्या पेडलच्या वर पाटी रंगवली : 'काम नसताना येथे पाय ठेवू नये.' ट्रॅक्टर विकला जाईपर्यंत ती तशीच होती. गावात ती वाचण्याची गरज असलेला मनुष्य एकच होता, आणि तो महिन्या-दीड महिन्याने पुण्याहून येऊन न चुकता ती वाचून जात असे.